बीएस-६, युरियाची बादली आणि आपल्या शिवारातली हवा

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे गाडीचं अॅव्हरेज पडलं, ही तक्रार आता यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांतही चहाच्या टपरीवर ऐकू येते. ट्रकवाले डिझेलसोबत युरियाची बादली घेतात, तेव्हा शेतकरी विचारतो, हाच का आमच्या कपाशीला लागणारा युरिया? शोरूममध्ये नवी गाडी बीएस-६ म्हणून महाग सांगतात, पण गावातल्या ट्रॅक्टरचा काळा धूर तसाच आहे. आणि या सगळ्याचा आपण श्वासात घेतो त्या हवेशी नेमका संबंध काय, हे कुणी नीट सांगत नाही. इथे तेच सांगतो.

नियम एक नाही, दोन आहेत

गाडीच्या धुराबाबत सरकारचे दोन नियम असतात. दोन्ही एकच समजल्यामुळे बराच गोंधळ होतो. पहिला इंधनाचा: पंपावरच्या डिझेल-पेट्रोलमध्ये काय किती चालेल. दुसरा गाडीचा: कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाडीने किती धूर सोडलेला चालेल. या जोडीला मिळून ‘भारत स्टेज’ म्हणतात, थोडक्यात बीएस. पुढचा आकडा जितका मोठा, तितका नियम कडक.

बीएस-३ देशभर २०१० मध्ये आला. त्याच वर्षी १३ शहरांना त्यापेक्षा चांगलं, बीएस-४ चं इंधन मिळू लागलं. त्या १३ मध्ये महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. विदर्भातलं एकही शहर नव्हतं. बीएस-४ देशभर लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडलं. मग बीएस-५ गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६, आणि तेही दिल्लीचा परिसर सोडला तर सगळ्या देशात एकदम. नवं डिझेल मुंबईच्या पंपावर येतं त्याच वेळी गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या पंपावरही यायला हवं, हे बीएस-४ च्या वेळी झालं नव्हतं, ते या टप्प्यावर झालं. माझ्या मते बीएस-६ ची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

सगळं गंधकावर का अडतं?

जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलात गंधक असतं. रिफायनरीत ते काढावं लागतं आणि त्याला खर्च येतो. गंधक जळलं की सल्फर डायऑक्साइड वायू होतो. हवेत गेल्यावर त्याचे पुढे बारीक कण बनतात.

इंधनातलं गंधक ‘पीपीएम’मध्ये मोजतात, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. बीएस-३ च्या डिझेलमध्ये ३५० पीपीएम चालायचं, बीएस-४ मध्ये ५०, बीएस-६ मध्ये फक्त १०. ट्रकच्या ३०० लिटरच्या टाकीत साधारण २५० किलो डिझेल बसतं. बीएस-३ च्या काळात त्या एका टाकीतून ८७ ग्रॅमपर्यंत गंधक हवेत जायचं. आता अडीच ग्रॅम.

पण गंधक कमी करण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारी यंत्रणा बसवलेली असते, आणि गंधक तिला निकामी करतं. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला हे सांगायची गरज नाही: गढूळ पाण्यावर ठिबक लावलं तर ड्रिपर आठवडाभरात चोंदतात, म्हणून आधी फिल्टर आणि मग नळ्या. तसंच आधी स्वच्छ डिझेल आणि मग स्वच्छ इंजिन. बीएस-६ ची गाडी बीएस-३ च्या डिझेलवर चालवली असती, तर वरचे पैसे पाण्यात गेले असते.

यातून आणखी एक गोष्ट कळते. इंधनाचा नियम ज्या दिवशी लागू होतो, त्या दिवसापासून प्रत्येक गाडीत काम करतो. वीस वर्षं जुना ट्रॅक्टर असो, एसटी असो की विहिरीवरचं डिझेल इंजिन, सगळ्यांच्या धुरातलं गंधक एकदम घटतं. गाडीचा नियम मात्र फक्त नव्या गाडीला लागतो. जुनी गाडी भंगारात जाईपर्यंत तिच्या धुराला तिच्याच काळातला नियम.

धुरात नक्की असतं काय?

दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे. एक, बारीक कण. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांना पीएम २.५ म्हणतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि काही तिथून रक्तात उतरतात. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली कर्करोगकारक ठरवलं.

दुसरी गोष्ट नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं. हवेतला नायट्रोजन एरवी कशाच्या अध्यात-मध्यात नसतो, पण इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत तोही ऑक्सिजनशी जोडला जातो. नॉक्स डोळ्यांना फारसा दिसत नाही. म्हणून ‘माझ्या गाडीला धूरच नाही’ एवढ्यावर गाडी स्वच्छ ठरत नाही.

बीएस-४ वरून बीएस-६ वर येताना डिझेल कारसाठी कणांची मर्यादा दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली. नॉक्स २५० मिलिग्रॅमवरून ८० वर. ट्रकमधली घट आणखी मोठी आहे, तिथे नॉक्सची मर्यादा जवळपास आठव्या हिश्श्यावर आली. एप्रिल २०२३ पासून तर गाडी फक्त प्रयोगशाळेत नव्हे, प्रत्यक्ष रस्त्यावर किती धूर सोडते हेही तपासलं जातं.

‘पण आमच्या गावात कुठे आलं प्रदूषण?’

ही शंका सगळीकडे निघते आणि ती रास्त आहे. गावात गाड्या कमी, झाडं जास्त, मोकळं रान. तरी तीन कारणांनी शहराचा आणि हायवेचा धूर शिवारापर्यंत पोहोचतो, आणि कधी कधी वाढूनही पोहोचतो.

पहिलं कारण ओझोन. नॉक्स आणि न जळलेल्या पेट्रोलची वाफ यांच्यावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. आकाशात उंचावर हा वायू आपलं रक्षण करतो. श्वासात आला तर छातीला त्रास देतो. तो तयार व्हायला काही तास लागतात. तेवढ्या वेळात वारा त्याला शहराबाहेर घेऊन जातो. शहराच्या चौकात गाड्यांतून निघणारा ताजा नॉक्स थोडाफार ओझोन खाऊनही टाकतो. त्यामुळे कित्येकदा शहराच्या मध्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेतल्या खेड्यात ओझोन जास्त भरतो. आणि ऊन तर विदर्भाला कमी नाही.

हा ओझोन पिकांनाही सोसत नाही. पानांच्या छिद्रांतून तो आत शिरतो, हरितद्रव्य मारतो, पान वेळेआधी पिकतं. सोयाबीन आणि गहू ही ओझोनला लवकर बळी पडणारी पिकं म्हणून जगभर ओळखली जातात. सोयाबीन पिवळं पडलं की आपण येलो मोझॅक, खोडमाशी, पाण्याचा ताण यांचा विचार करतो, आणि बहुतेक वेळा दोष त्यांचाच असतो. पण हवेतून होणारं नुकसान डोळ्यांना दिसत नाही आणि कुठल्या पंचनाम्यातही येत नाही.

दुसरं कारण अमोनिया, आणि इथे आपलं वावरही त्यात येतं. युरिया मातीवर नुसता फेकून दिला की त्यातला बराच नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो. हवेत त्याची गाठ हायवेवरच्या नॉक्सपासून आणि वीज प्रकल्पाच्या सल्फर डायऑक्साइडपासून झालेल्या आम्लांशी पडते आणि त्यातून पीएम २.५ चे कण जन्मतात. कुठल्याही सायलेन्सरमधून ते कण बाहेर पडलेले नसतात, ते हवेतच तयार होतात. युरिया मातीत झाकून दिला तर पिकालाही लागतो आणि हवेतही कमी जातो.

तिसरं कारण थंडी. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन गार पडते, वरची हवा तिच्या मानाने गरम राहते आणि खालचा धूर वर जाऊच शकत नाही. चूल, शेकोटी, धुऱ्यावर जाळलेला कचरा, हायवेचा धूर, सगळं सकाळच्या धुक्यात गावावर बसून राहतं.

इथे एक सांगायलाच हवं. गावच्या हवेचा सगळा दोष गाड्यांवर टाकता येणार नाही. ज्या घरात अजून काड्या-गोवऱ्यांची चूल पेटते, तिथे बाईच्या फुप्फुसात जाणारा धूर कुठल्याही ट्रकपेक्षा जास्त असतो. उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापसाची वेचणी संपल्यावर, पेटवलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) हीही थोडी नसते. घुग्घुस-वणी पट्ट्यात तर कोळशाच्या टिप्परांनी उडणारी धूळ हा वेगळाच प्रश्न आहे. ती सायलेन्सरमधून निघत नाही, म्हणून टिप्पर बीएस-६ झाला तरी ती कमी होत नाही. तिला ताडपत्री, धुतलेली चाकं आणि धड रस्ता लागतो.

यातलं किती कुठून येतं, हे मोजायला गावात यंत्रच नसतं. नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला ही शहरं हवेच्या मानकांत बसत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे, कारण तिथे मोजलं जातं. खेड्याची हवा चांगली आहे असं आपण मानतो, ते बहुतेक ठिकाणी मोजल्याशिवाय.

ट्रकचा युरिया आणि वावरातला युरिया

बीएस-६ च्या ट्रकमध्ये, एसटीच्या नव्या गाड्यांमध्ये आणि काही मोठ्या डिझेल गाड्यांमध्ये डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक लहान टाकी असते. तिच्यात डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) भरतात. ड्रायव्हर लोक त्याला युरियाच म्हणतात, आणि ते चूकही नाही: ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. गरम धुरात हा फवारा मारला की त्याचा अमोनिया होतो आणि तो नॉक्सला गाठून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ करून सोडतो. डिझेलच्या साधारण तीन ते पाच टक्के डीईएफ लागतं.

मग पोत्यातला युरिया बादलीभर पाण्यात कालवून का टाकू नये? कारण शेतीच्या युरियाला २०१५ पासून कडुलिंबाच्या तेलाचं आवरण सक्तीचं आहे. ते तेल, खतातले इतर अंश आणि बोअरच्या पाण्यातले क्षार फवाऱ्याच्या बारीक तोंडात आणि पुढच्या जाळीत बसतात. काही दिवसांत डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग गाडीची ताकदच कमी होते, आणि पुढचं बिल हजारांच्या घरात जातं. शिवाय अनुदानाचं खत कारखान्याकडे किंवा गाडीकडे वळवणं हा गुन्हा आहे. ऐन हंगामात कृषी केंद्रासमोर रांग लावून ४५ किलोच्या एका पोत्यासाठी ज्यांनी दिवस घालवलाय, त्यांना यात किती चीड येण्यासारखं आहे ते वेगळं सांगायला नको.

याहून वाईट म्हणजे ‘सेन्सर बंद करून देतो, युरियाची कटकटच नको’ म्हणणारे मेकॅनिक. असा ट्रक कागदावर बीएस-६ असतो आणि नॉक्सच्या बाबतीत बीएस-४ हूनही वाईट ठरू शकतो.

लहान डिझेल गाडीवाल्यांसाठी आणखी एक. सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारी जाळी असते. ती जाळून साफ व्हायला गाडी मधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात चालावी लागते. घर ते वावर आणि वावर ते घर एवढीच गाडी चालली तर जाळी तुंबते. दिवा लागला की शोरूमला पळण्याआधी मॅन्युअल बघावं आणि गाडी हायवेला एक फेरी मारून आणावी. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

ट्रॅक्टरचं काय?

गावातलं सगळ्यात जास्त राबणारं इंजिन ट्रॅक्टरचं, आणि ते बीएस-६ मध्ये येतच नाही. ट्रॅक्टरला ‘ट्रेम’ नावाचे वेगळे नियम आहेत. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून कडक टप्पा लागू झाला. पण आपल्याकडे चालतात ते बहुतेक ३५ ते ५० अश्वशक्तीचे. त्यांना तेव्हा २०१०-११ च्या सुमाराचा जुना टप्पाच ठेवला गेला. त्यात एवढ्या इंजिनाला दर युनिट कामामागे ०.६ ग्रॅम कण चालतात. बीएस-६ ट्रकला चालतात ०.०१ ग्रॅम. चाचणीची पद्धत वेगळी असल्यामुळे ही तुलना ढोबळ आहे, पण साठपट हा फरक ढोबळ धरला तरी मोठाच आहे.

सूट देण्यामागचं कारण खोटं नाही. धूर साफ करणारी यंत्रणा बसवली की ट्रॅक्टरची किंमत वाढते, आणि कापसाच्या भावावर हप्ते भरणाऱ्याला ती झेपणार नाही. हे मला मान्य आहे. मान्य नाही ते एवढंच की या सुटीची किंमत कोण मोजतं हे कुणी बोलत नाही. ऑक्टोबरात खळ्यावर बघा: ट्रॅक्टर एका जागी उभा, थ्रेशर फुल चालू, सायलेन्सर तोंडाच्या उंचीला, आणि त्याच्यापासून चार हातांवर सोयाबीनचे पेंढे टाकणाऱ्या बायका. कुटाराची धूळ, वरून डिझेलचा धूर, दिवसाचे आठ-दहा तास, तोंडाला फक्त स्कार्फ. वारं बघून ट्रॅक्टर खालच्या अंगाला लावणं, एअर फिल्टर वेळेवर साफ करणं आणि इंजेक्टर तपासून घेणं याला फारसा पैसा लागत नाही. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, तेव्हा तो खिशालाही परवडत नाही. खळ्यावरच्या त्या बायकांच्या बाजूने एकच सुधारणा आपोआप झाली आहे: ट्रॅक्टरही आता १० पीपीएमच्याच डिझेलवर चालतो. अट एवढीच, की डिझेल पंपाचंच हवं. ‘बायोडिझेल’ म्हणून कॅनमधून स्वस्तात मिळणाऱ्या कशाही द्रवाची काही हमी नाही.

जुन्या गाड्या शेवटी गावाकडेच येतात

मार्च २०१७ च्या अखेरीस सुप्रीम कोर्टाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायला मनाई केली. शोरूमवाल्यांनी उरलेल्या दोन दिवसांत मोटारसायकली हजारो रुपयांच्या सवलतीत काढल्या आणि लोकांनी रांगा लावून घेतल्या. त्यातल्या कित्येक आजही धावताहेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे त्या २०३२ पर्यंत चालणार, पुढे फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षं वाढवताही येते. दिल्लीत दहा वर्षांच्या वरच्या डिझेल गाडीला बंदी घातली गेली, पण ना-हरकत दाखला घेऊन ती दुसऱ्या राज्यात नोंदवता येते. आपल्याच राज्यात पुण्या-मुंबईची गाडी नागपूरला, नागपूरची तालुक्याला आणि शेवटी काळीपिवळी (प्रवासी जीप) म्हणून दोन गावांच्या मध्ये.

यात काळीपिवळीवाल्याचा दोष नाही. जिथे एसटी दिवसातून एकदा येते, तिथे तोच लोकांना दवाखान्यात आणि पोरांना कॉलेजात पोहोचवतो. म्हणून गावची हवा सुधारायची तर जास्त एसटी हा माझ्या दृष्टीने पहिला उपाय आहे; जुनी जीप जप्त करणं हा नव्हे.

पीयूसीचं काय, असं कुणी विचारेल. पीयूसी पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन तपासते, डिझेल गाडीत धुराचा काळेपणा. नॉक्स किंवा बारीक कण ती मोजतच नाही. तरी बिघडलेलं इंजिन ती पकडते, म्हणून नळी सायलेन्सरमध्ये घालून खरी तपासणी करून घ्यावी. नुसता फोटो काढून मिळालेलं प्रमाणपत्र फक्त दंड वाचवतं.

ई-२० चा यात काय संबंध?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणजे ई-२०. हा मुख्यतः परदेशी तेल कमी घेण्याचा आणि ऊस, मका, तुकडा तांदूळ यांना बाजार देण्याचा निर्णय आहे. हवेचा फायदा दुय्यम, पण आहे: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने कार्बन मोनॉक्साइड बराच घटतो. नॉक्समध्ये ठळक फरक पडत नाही.

अॅव्हरेजची तक्रार खरी आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं, की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या कारचं ६ ते ७ टक्के आणि तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्के अॅव्हरेज कमी होईल. आधी लिहून ठेवलेली गोष्ट लोकांना पंपावर आधीच सांगायला हवी होती. शेतकऱ्याने एक काळजी घ्यावी: इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे हंगाम संपल्यावर फवारणी पंपाच्या टाकीत पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नये.

‘मग सगळ्या गाड्या बॅटरीच्या करा’

शहरासाठी हे चांगलंच आहे. विदर्भाचा प्रश्न मात्र वीज कुठे बनते हा आहे. पुण्यातली स्कूटर चार्ज होते तेव्हा त्यातली काही वीज चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या प्रकल्पातून येते. आपल्या कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का असतं, म्हणजे ५,००० पीपीएम. डिझेलला १० ची मर्यादा आहे. दर हजार टन कोळशामागे सुमारे पाच टन गंधक जळतं आणि प्रकल्पात दिवसाला हजारो टन कोळसा लागतो.

धुरातलं हे गंधक पकडणारी यंत्रणा उपलब्ध आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने वीज प्रकल्पांना मर्यादा घालून दिल्या, मुदती पुन्हा पुन्हा वाढवल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक प्रकल्पांना या यंत्रणेतून सूट दिली. भारतीय कोळशात गंधक कमी आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत, असं कारण दिलं गेलं. त्या वायूचे पुढे कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात, ही बाजू त्या हिशेबात मावत नाही. मानकांत न बसणाऱ्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या प्रकल्पांचा निर्णय मात्र एकेक प्रकल्प बघून घ्यायचा आहे, आणि चंद्रपूर त्या शहरांच्या यादीत आहे. दुचाकीच्या पेट्रोलमधला गंधकाचा दहावा पीपीएमसुद्धा मोजला गेला, तर वीज प्रकल्पांच्या या धुरांड्यांचाही तसाच हिशेब मागण्याचा चंद्रपूर, घुग्घुस आणि भद्रावतीच्या लोकांना पूर्ण हक्क आहे.